शनिवारची खिडकी आणि गायकवाड हवालदार

आमच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जप्त केलेल्या मोटरसायकली उभ्या असतात. पावसाळ्यात त्यांच्यावर वेल चढतात. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी दिवाळीपर्यंत हँडलसुद्धा दिसेनासं होतं. किस्स्यांचं अगदी तसंच आहे. आपण आपलं काम करत असतो, आणि एक दिवस मागे वळून बघावं तर ही गर्दी!

ठाण्याचं नाव सांगत नाही. कर्जत आणि खालापूरच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं समजा. मी वैशाली, तिथली शिपाई. पण तालुक्यात मला या नावानं कुणी ओळखत नाही. सगळीकडे मी ‘कॅमेरावाली बाय’. आमच्या माणसांच्या छातीवर कॅमेरे लागले, गाडीच्या काचेला एक लागला, तेव्हापासून ते कॅमेरे सांभाळणं माझ्याकडे आलं. ड्युटी संपली की सगळे कॅमेरे माझ्या टेबलावर, रेकॉर्डिंग कॉम्प्युटरमध्ये.

आणि मग आमच्या मॅडमनी खिडकी उघडली. मॅडम म्हणजे आमच्या ठाण्याच्या प्रमुख, पोलीस निरीक्षक. त्यांनी बाहेर बोर्डच लावला : ज्याचं रेकॉर्डिंग झालं आहे, त्यानं अर्ज करावा आणि शनिवारी सकाळी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. कॉपी हवी तर कॉपीही मिळेल. शेजारच्या ठाण्यातले लोक हसले. ‘तुमच्याकडे काय, टॉकीज काढली का?’ म्हणून विचारायचे.

मॅडमची अजून एक अट होती. रेकॉर्डिंग दाखवताना माझ्या छातीवरचा कॅमेरा चालू पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला भलतंच दाखवलं!

पहिल्याच शनिवारी एका आजोबांनी विचारलं, “मंजे आमी बगताना आमाला पन बगतंय?”

“हो, आजोबा.”

“आन ते बगायला कुनी आला तर?”

“त्याचंही रेकॉर्डिंग होणार.”

आजोबांनी टोपी नीट केली. “मंग जरा येवस्थित बसतो.”

*

आता गायकवाड हवालदार. आमच्या ठाण्यातला सगळ्यात जुना माणूस, निवृत्तीला टेकलेला. आवाज असा, की चौकात ‘ए!’ म्हणाले तर दोन्ही बाजूंचे टेंपो थांबायचे. कॅमेरा लागल्यावर नियम आला, आधी सांगायचं : ‘नमस्कार. आपलं रेकॉर्डिंग चालू आहे.’ ‘ए’ची सवय असलेल्या माणसाला हे म्हणायला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता.

पण अंगात मुरलं. इतकं मुरलं, की घरी फोन उचलला तरी “नमस्कार, आपलं रेकॉर्डिंग चालू आहे!” एकदा पलीकडून त्यांची सख्खी मेव्हणी बोलत होती. तिनं घाबरून फोन ठेवून दिला.

एका शनिवारी त्यांची बायकोच खिडकीवर हजर. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. “आमचे हे रस्त्यावर लई गोड बोलतात म्हनं. मला बगायचंय. घरी तर आल्या आल्या वचावचा सुरू!”

नियमात बसत नव्हतं, पण वाहतुकीचं एक साधं रेकॉर्डिंग मी ट्रेनिंगसाठी वेगळं ठेवलं होतं. ते मॅडमना विचारून लावलं. रिक्षा दिसली, बैलगाडी दिसली, शाळेची मुलं दिसली. वहिनी पुढे वाकून वाकून बघतायत.

“अगं, पन हे कुटं हायती?”

“वहिनी, कॅमेरा त्यांच्याच छातीवर असतो. त्यामुळे ते सोडून सगळे दिसतात.”

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या. “मंजे इथं पन नुसता आवाजच!”

*

याच दिवसांत खिडकीबाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसायला लागली. हाताला प्लास्टर, मांडीवर पिशवी. नाव मंगल. साजगावला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होती. कारखान्याच्या गेटवर कामगार जमले होते, आमचा बंदोबस्त होता, रेटारेटी झाली आणि मंगल पडली. हात मोडला.

मंगल म्हणत होती, हवालदारानं ढकललं. ठेकेदार म्हणत होता, स्वतःच घसरून पडली आणि आता नाटक करते. त्यानं तिला कामावरून बंद केलं. वर वस्तीत सांगत सुटला, की बाई खोटारडी आहे. कामापेक्षा ते तिला जास्त लागलं होतं.

आणि ज्या हवालदाराचं नाव ती घेत होती, ते आमचे गायकवाड.

गायकवाडांना मॅडमनी समोर बसवून विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, खोटं नाय बोलनार. गर्दी व्हती. मला आठवत नाय.” ऐन निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली. सिद्ध झालं तर आयुष्यभराच्या नोकरीला डाग. आणि नाही झालं तर मंगल कायमची खोटारडी. दोघांचंही सगळं त्या एका रेकॉर्डिंगमध्ये होतं. चौकशी असल्यामुळे ते सीलबंद, आणि दाखवायचं तर वरची परवानगी पाहिजे. परवानगी काही येत नव्हती.

मंगल मात्र दर शनिवारी यायची. “आली का वं परवानगी?” “नाही, ताई.” मग ती उठून जायची नाही. म्हणायची, “बसते. इथं बरं वाटतं. लोकांचं खरं खोटं हुताना दिसतं.”

गायकवाड तिच्या समोरून जाताना मान खाली घालायचे. पण समोरच्या टपरीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, बाकावरच्या बाईला चहा द्यायचा. ती घ्यायची. कोण पाठवतं, हे तिला माहीत होतं.

*

तर मंगल बाकावर असतानाच तो पळसदरीचा पाहुणा आला. शनिवार-रविवार धरणावर येतात ना, त्यांतला. गाडी रस्त्याच्या मधोमध लावून फोटो काढत होता. गायकवाडांनी बाजूला घ्यायला सांगितली. याची तक्रार, की पोलिसानं शिवीगाळ केली. गॉगल डोक्यावर, बायको बरोबर.

“मला फुल फुटेज पाहिजे! मी हे सगळीकडे टाकणार!”

मी लावलं. गायकवाडांचा आवाज : “नमस्कार. आपलं रेकॉर्डिंग चालू आहे. साहेब, कृपया गाडी बाजूला घ्या.” मग हा दिसतो, बोट नाचवत : “तुला माहितीये का मी कोण आहे?”

गायकवाडांचा आवाज, अगदी शांत : “नाय साहेब. पन गाडी काढलीत तर निवांत वळख करून घिऊ.”

त्याच्या पुढे हे गृहस्थ जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची बायको स्क्रीनकडे बघत होती, मग त्यांच्याकडे बघायला लागली. रेकॉर्डिंग संपलं. गॉगल डोक्यावरून खिशात गेला.

“मॅडम,” मला म्हणाले, “यातलं माझं बोलणं काढून फक्त पोलिसाचं मिळेल का?”

“साहेब, इथे थाळी पूर्णच मिळते. हाफ प्लेट नाही.”

बाकावर मंगल तोंडाला पदर लावून हसत होती.

*

माथेरानला गाड्या वर जात नाहीत, त्यामुळे गाडीच्या कॅमेऱ्याचा तिथे काही उपयोग नाही. सुट्टीच्या गर्दीत आमची माणसं दस्तुरीच्या पार्किंगला बंदोबस्ताला जातात. तिथे दोन घोडेवाल्यांची जुंपली. मुंबईचं एक कुटुंब गाडीतून उतरलं आणि दोघांनी एकदम हाक मारली. पहिली कुणाची, यावरून गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. दोघांनीही अर्ज केला. दोघांचंही म्हणणं, कॅमेऱ्यात बघा, मीच पहिला!

शनिवारी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. स्क्रीनवर दोघं एकमेकांची कॉलर धरून उभे. गायकवाड मध्ये पडून सोडवतायत. आणि मागे ते कुटुंब. थोडा वेळ बघत उभं राहिलं, मग वडिलांनी बॅग खांद्याला लावली, आईनं पोराचा हात धरला, आणि सगळे चालत निघाले. लाल मातीच्या वाटेनं शांतपणे वर गेले.

आणि त्यांच्या मागोमाग एक घोडा निघाला. एकटाच! त्या पोराच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे बघत.

मग पहिला म्हणाला, “तो माजा घोडा.”

दुसरा म्हणाला, “तुजा कसा रं? माजा हाय!”

पुढे जे झालं, त्याचंही रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे.

*

कॉपी देताना बाजूच्या माणसांचे चेहरे पुसट करून द्यावे लागतात. ज्याचा संबंध नाही, त्याला उगीच त्रास नको. हे काम माझंच. एका टेंपोनं स्कूटरला धडक दिली, स्कूटरवाल्यानं कॉपी नेली. पळसदरीच्या रस्त्याकडेला करवंदं विकणारी हिराबाई त्यात दिसत होती, तिचा चेहरा मी पुसट केला. स्कूटरवाला पळसदरीचाच. त्यानं हौसेनं हिराबाईला मोबाईल दाखवला.

शनिवारी हिराबाई पाटी घेऊनच आली. “कॅमेरावाली कोन? माज्या तोंडावर काय थापलंस?”

मी समजावलं, की तुमची ओळख पटू नये म्हणून करतात.

“अगं, पाटी माजी, लुगडं माजं, बसलेय माज्या जागेवर! अख्खं गाव वळकतं. आन तोंडच नाय? चोर हाय का मी?”

“आजी, चोराचंच नाही, साक्षीदाराचंसुद्धा पुसट करतात.”

“मंग करवंदं कशाला दावलीस? त्येच्यावर पन थापायचं व्हतंस!”

मी कागद पुढे केला. हिराबाईनं तिथल्या तिथे अंगठा देऊन लिहून दिलं, की माझं तोंड दाखवायला माझी हरकत नाही. मग मंगलच्या शेजारी बसली आणि तिला द्रोणभर करवंदं दिली. प्लास्टरच्या हातानं तिला धरता येईना, म्हणून हिराबाईनं भरवली.

*

टायरच्या दुकानवाल्या नजीरभाईंचं घर सगळं एकदम आलं. बायामाणसं, मुलं, जावई. खुर्च्या कमी पडल्या. त्यांच्या मुलाच्या लग्नाची वरात बाजारातून जाताना ट्रॅफिक तुंबलं होतं आणि गायकवाड रस्ता मोकळा करायला गेले होते, त्याचं रेकॉर्डिंग त्यांना हवं होतं.

मला वाटलं, तक्रार आहे. नजीरभाई म्हणाले, “नाय नाय बेटा. आमच्या व्हिडिओवाल्याचं कार्ड खराब झालं. लग्नाचं काय पन राह्यलं नाय. आन आता नाना पन गेले.”

नाना म्हणजे नजीरभाईंचे वडील. मी लावलं. बँड वाजतोय, टेंपो हॉर्न मारतायत, आणि नाना काठी टेकत थेट कॅमेऱ्यासमोर आले. “हवालदार! माज्या नातवाची वरात हाय! रस्ता काय रोज हाय, नातू रोज नवरा होनार हाय का?”

गायकवाडांचा आवाज : “चाचा, ॲम्ब्युलन्स आली तर?”

“आली तर मी सोता बाजूला करतो सगल्यांना! तवर नाचू दे!”

मग गायकवाडांचे दोन्ही हात वर झालेले दिसतात. टेंपो थांबले. नाना वळले आणि काठी वर धरून जरासे नाचले.

खोलीत सगळे रडत होते. माझेही डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात. नजीरभाईंची बायको डोळे पुसत म्हणाली, “पोलिसाशी भांडताना किती छान दिसतात गं नाना!”

*

अखेर वरून उत्तर आलं : मंगलच्या अर्जावर तुमच्या स्तरावर निर्णय घ्यावा. म्हणजे दाखवलं तरी तुम्ही, नाही दाखवलं तरी तुम्ही! ठाण्यात कुजबुज सुरू झाली. काहींनी मॅडमना सुचवलं, की गायकवाड सुखानं निवृत्त होऊ देत, मग बघू. मॅडम काही बोलायच्या आत गायकवाडच आत आले.

“मॅडम, दाखवा. आन मी पन बसनार. मला बी कळू दे काय केलं ते.”

त्या शनिवारी खोलीत आम्ही चौघं. मॅडम, मंगल, गायकवाड आणि छातीवर कॅमेरा लावून मी. मी बटण दाबलं.

गेट दिसलं. घोषणा, धूळ, माणसं. गायकवाडांचा आवाज, “मागं व्हा. मागं व्हा म्हन्तो ना!” मंगल दिसली. ती काहीतरी विचारत होती, हातात तिचा डबा होता. आणि मग स्क्रीनच्या खालच्या बाजूनं दोन हात आले. उजव्या हातात तांब्याची अंगठी. त्या हातांनी मंगलच्या खांद्यांवर जोरानं धक्का दिला. मंगल मागे पडली, डबा उघडून भाकरी धुळीत गेली.

कुणी तिला मागून ढकललं नव्हतं. ती कुणाच्या अंगावर गेली नव्हती. घसरलीही नव्हती.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. गायकवाड आपल्या हातातल्या अंगठीकडे बघत होते. मग उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मंगलच्या समोर उभे राहिले.

“माजेच हात हायती, ताई. मी ढकललं तुमाला. तुमी खऱ्या. मी चुकलो. मला माफ करा.” आणि हात जोडले.

मंगल थांबलेल्या स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, “भाकरी पडलेली मला आठवतच नव्हती बगा.” आणि रडायला लागली.

गायकवाडांना शिक्षा झाली. सेवापुस्तकात शेरा बसला, त्यांनी अपील केलं नाही. मंगल कॉपी घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे गेली आणि ठेकेदाराला तिला परत घ्यावं लागलं. तिनं ते रेकॉर्डिंग वस्तीत सगळ्यांना दाखवलं. लोक मला अजून विचारतात, आपल्याच माणसाविरुद्ध पुरावा हातात दिलात, लाज नाही वाटली? खरं सांगू? या वर्दीचा मला इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता. त्या दिवशी घरी गेल्यावर मी ती स्वतः धुतली आणि स्वतः इस्त्री केली.

*

गायकवाडांच्या निवृत्तीचा कार्यक्रम ठाण्याच्या आवारातच होता. मांडव घातला, पडदा लावला. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याची एक फिल्म दाखवतात, आणि ती करायचं काम अर्थातच कॅमेरावाल्या बायकडे!

मी शोधायला बसले. गायकवाडांच्या कॅमेऱ्यात अख्खा तालुका होता, पण गायकवाड नव्हते. गाडीच्या कॅमेऱ्यात एकदा नुसती पाठ दिसली. इतरांच्या कॅमेऱ्यांत कुठे कोपर, कुठे टोपी. तक्रार नसलेली रेकॉर्डिंग काही काळानं पुसली जातात, त्यामुळे जुनं काही नव्हतंच. समोरून, स्पष्ट, चेहरा आणि आवाज एकत्र असलेलं रेकॉर्डिंग एकच सापडलं. माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं. माफी मागतानाचं.

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी गायकवाडांना बोलावलं. ते म्हणाले, “मंग तेच लावा.”

“अहो, सगळे पाहुणे असणार. घरचे असणार.”

“असू द्या की. माजं तेवडंच तोंड हाय म्हन्ता ना?”

मंगललाही विचारायला हवं होतं, कारण त्यात तीही होती. तिनं फोनवर सांगितलं, “लावा. आन माजं तोंड पुसू नका.” कार्यक्रमाला ती आली, हात बरा झालेला, हिराबाईला बरोबर घेऊन. नजीरभाई आले. सगळा तालुका आला.

पडद्यावर गायकवाड दिसले. टोपी काढताना, हात जोडताना. “मी चुकलो. मला माफ करा.”

आणि पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. नऊवारीचा पदर खोचला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “वैशाली, अख्ख्या संसारात या मानसानं मला एकदा पन ‘चुकलो’ म्हनलं नाय. मला याची कॉपी पायजे. अर्ज कुटं करायचा?”

मांडव हसून कोसळायचा बाकी होता. मॅडमनी कसंबसं हसू आवरलं. “वहिनी, नियम आहे. रेकॉर्डिंगमध्ये जो दिसतो, त्यालाच कॉपी मिळते.”

पुढच्या शनिवारी मी खिडकी उघडली. बाहेर बाकावर, मंगल बसायची त्या जागी, साध्या शर्टातले गायकवाड हवालदार बसले होते. हातात अर्ज.

अर्जाचं कारण आम्ही कधीच विचारत नाही. पण राहवलं नाही, मी विचारलं.

गायकवाड इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, “काय सांगू बाय. ती म्हन्ते, तोंडानं जमत नसंल तर रोज सकाळी हे लावत जा.”